बोंडाऱ्याचं डोकं

काका,

तुम्ही गेलात हे मला बोईसरच्या मासळीबाजारात कळलं. फॅक्टरीतून सुटून मी बांगडे घ्यायला थांबले होते. शिरगावची ती मावशी, जिच्याकडून मी नेहमी मासळी घेते, ती सुरी पुसत म्हणाली, "तुजा तो झाडवाला सुतार गेला की गं परवा. तुला कोनी सांगितलं नाय?" मी म्हटलं, कुठला सुतार. म्हणजे कळलं होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं. मग मी बांगडे घेतले. घरी येऊन साफ केले, तळले, ह्यांना वाढले, स्वतःही जेवले. भांडी घासायला लागले तेव्हा रडू आलं. हे सांगताना बरं वाटत नाही, पण ते तसंच झालं.

तुमचं शेवटचं दर्शन हुकलं ते हुकलंच. तेराव्याला मात्र आले होते. मांडवात एका बाईनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण?  बावीस वर्षं तारापूरच्या एका रंगांच्या कारखान्यात नमुने तपासणारी मी, मूळची मिरजेकडची, आणि तुम्ही जन्मभर शिरगावच्या खाडीकाठी होड्या बांधलेले सुतार. शेजारी म्हणावं तर घरं पंधरा किलोमीटर लांब, नातेवाईक म्हणावं तर जातपात, बोली, सगळंच वेगळं. मी चाचरत असताना हिरूकाकू पलीकडून म्हणाली, "ती झाडाची हाय." त्या बाईचं समाधान झालं. माझंही झालं.

आता फाल्गुन लागलाय. बोंडाऱ्याच्या फांद्यांवर डोळे फुगायला लागलेत. आठ-दहा दिवसांत पालवी फुटेल, आणि एकदा ती फुटली की मोठा काप घेता येणार नाही. मग थेट पुढच्या वर्षी. त्या झाडाचं डोकं कापायचं की ठेवायचं, हे आपलं दोन वर्षांचं भांडण तुम्ही अर्धवट टाकून निघून गेलात आणि निकाल माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. मला तो नको होता, काका. मी फार दमले आहे. सकाळी डबा, मग स्कूटर, मग दिवसभर बाटल्या आणि आकडे, आणि आता त्यात हे.

तुम्ही कधी बोन्साय हा शब्द वापरला नाहीत. मी पहिल्यांदा तुमच्या दारात थांबले ते आम्ही शिरगावचा किल्ला बघायला आलो होतो तेव्हा. ओट्यावर मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत एक पिंपळ होता, हातभर उंचीचा, पण बुंधा असा की शंभर वर्षांचा वाटावा. मी मुंबईला जाऊन दोन दिवसांचा वर्ग केलेली बाई. घरी बाल्कनीत वीस कुंड्या, विकत आणलेली जपानी कात्री, वही, तारखा. मी तुम्हाला विचारलं, ही शैली कुठली? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "शैली कसली? वाकडं होतं, वाकडं ठेवलं." वर आणि विचारलंत, "च्या घेनार काय?"

मला तेव्हा तुमचा थोडा राग आला होता, हे आज सांगते.

हळूहळू कळलं की तुमची नजर कुठून आली. होडीच्या फासळ्यांना मुळातच वाकलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर ते लाटेत तुटतं. म्हणून तुम्ही तरुणपणी मनोरच्या बाजूला डोंगरात फिरायचात, उभ्या झाडांत फासळ्या शोधत. एखादी फांदी बघून तुम्हाला कळायचं, ही पुढच्या भागाला बसेल, ही मधल्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि लाकूड तासायचा तुमचा वाकस भिंतीला लागला. नजर मात्र रिकामी बसायला तयार नव्हती. ती या पेट्यांतल्या झाडांवर आली. मला पुस्तकातून शिकायला दहा वर्षं लागली ते तुम्ही जन्मभर दुसऱ्याच कामासाठी करत होतात. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही चढून बसाल अशी भीती होती.

लखमाचा फोन तुम्हालाच आला होता. त्याच्या बापाकडून तुम्ही पूर्वी लाकूड घेतलेलं. मनोरच्या पुढे त्याच्या पाड्यावर नव्या रस्त्याचं काम आलं होतं, शेताचा बांध जाणार होता आणि बांधावरची झाडंही. "काका, तुमाला छोटी झाडं आवडतात ना. एक हाय. मशीन यायच्या आत येऊन जा." आपण रविवारी पोचलो. ऐन उन्हात, तोंडाला रुमाल बांधून.

मला ते झाड पहिल्या नजरेत आवडलं नाही, हे तुम्ही लगेच ओळखलंत. दोन फुटांचा बोंडारा. खाली मुळं छान पसरलेली, बुंध्याला झकास बाक, साल पांढुरकी, पापुद्रे सुटणारी. आणि वर हे एवढं डोकं! माणसाच्या डोक्याएवढा गाठाळ गोळा, त्यातून सगळीकडे काटक्या. लखमानं सांगितलं, "ह्याला आमी दर साली राबाला कापतो." मला राब माहीत नव्हता. भातपेरणीच्या आधी रोपांच्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी दरवर्षी याच झाडाच्या फांद्या त्याच जागी तोडायच्या, पुन्हा फुटवे यायचे, पुन्हा तोडायचे. त्यामुळे झाड वाढलंच नाही, नुसती गाठ वाढत गेली. "माज्या बानं कापला, आज्यानं कापला," लखमा म्हणाला. "आजा सांगायचा, त्याच्या बानं बी."

मग त्यानं बुंध्याशी चार तांदळाचे दाणे ठेवले आणि काहीतरी पुटपुटला. मी मोबाईलमध्ये फोटो काढत होते. तुम्ही माझ्या हातावर हलकेच चापट मारलीत आणि मान खाली घालायला लावलीत. मी घातली.

खणायला चार तास लागले. तुम्ही खणताना मुळाशी बोलत होतात, "चल रं, सोड, सोड आता," आणि मी ओल्या गोणपाटात माती बांधत होते. टेम्पोत मागे बसून आपण दोघं त्या झाडाला धरून शिरगावपर्यंत आलो. माझी कंबर त्यानंतर आठवडाभर धरली होती.

आणि मग ते माशाचं तेल! काका, त्या प्रकरणावर मी आजही हसते, आणि तेराव्याच्या दिवशीसुद्धा मांडवात मला ते आठवून हसू आलं, मग मी पदर तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं रडते आहे. तोडलेल्या मुळांना आणि फांद्यांना कापाच्या जागी काहीतरी लावायला हवं, असं मी म्हटलं. माझ्याकडे बोन्सायची मलमाची ट्यूब होती, पण ती घरी राहिली होती. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं हाय की." होडीच्या लाकडाला लावायचं माशाचं तेल तुमच्याकडे डबाभर. लाकूड सडत नाही, पाणी आत जात नाही. तुम्ही ब्रशनं सगळ्या जखमांवर दोन हात मारलेत. मलाही ते शास्त्रीय वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठून बघते तर शिरगावातली सगळी मांजरं अंगणात. दोन झाडावर, एक पेटीत बसून जखमा चाटत होती, एकीनं नखं लावून साल ओरबाडलेली. तुम्ही काठी घेऊन धावलात. मग शिकेकाईच्या पाण्यानं जखमा धुतल्या, तरी वास जाईना. शेवटी तुम्ही जुनं जाळं काढलंत, चार बांबू रोवलेत आणि बोंडाऱ्याला जाळ्यात कोंडलंत. पंधरा दिवस तुम्ही खुर्ची टाकून पहारा दिलात. काकू म्हणाली, "माज्या बाळंतपनात एवडं बसले नव्हते."

मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते. आत्ता मला वाटतं, एखाद्या झाडाची काळजी घ्यायची म्हणजे आपल्या घरात जे उत्तम औषध आहे तेच लावणार ना माणूस.

झाड जगेल की नाही याची आपण दोन महिने वाट बघितली. काड्यांसारख्या फांद्या, एक पान नाही. मी माझ्या वहीत नखानं साल खरवडून हिरवं दिसतं का याच्या नोंदी करायचे. तुम्ही दिवसातून एकदा फक्त तळवा लावायचात. मग एके दिवशी दुपारी प्रयोगशाळेत तुमचा फोन आला. तुम्ही फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचात, त्या दिवशी जरा जास्तच. "बाय, फुटला! फुटला गं!" माझ्या टेबलावरच्या दोन मुली दचकल्या. मी बाहेर जिन्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. नवरा, सासर, नोकरी, सगळीकडे काही ना काही चाललेलं असतं, पण नुसत्या आनंदानं जिन्यात जाऊन उभं राहायची वेळ माझ्यावर त्याआधी कितीतरी वर्षांत आली नव्हती. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले.

एक वर्ष त्याला हातही लावायचा नाही, हे आपलं दोघांचं एकमत होतं. तेवढंच एक. दुसऱ्या वर्षी बघायला सुरुवात केली. बोंडाऱ्याची दर्शनी बाजू कुठली, म्हणजे बघणाऱ्यासमोर कुठली बाजू ठेवायची, हे ठरल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. मी चार फोटो काढून मोबाईलवर रेघा मारून अर्ध्या तासात ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, अर्ध्या तासात लग्न पण ठरवू नये. तुमची पद्धत वेगळी. पेटीच्या कडेला चुन्यानं आठ खुणा केल्या आणि दर रविवारी एक खूण पुढे फिरवायची. त्या दिवशी फक्त ती एक बाजू बघायची. चहा प्यायचा, बघायचं. काकूनं वाटी भरून दिलेली वालाची उसळ खायची, बघायचं. तुम्ही मला नेहमी तुमच्या उजव्या हाताला बसवायचात, ओट्यावर हात थोपटून. आठ रविवार गेले. मला आधी कंटाळा यायचा, मग मी रविवारची वाट बघायला लागले. घरी हे म्हणायचे, त्या झाडाकडे नुसतं बघायला तू बोईसरहून पेट्रोल जाळत जातेस? मी हो म्हणायचे.

पाचवी बाजू आपल्याला दोघांना आवडली. तिथून बुंधा जरासा आपल्याकडे झुकतो. "हितनं तो येतो बग आपल्याकडं," तुम्ही म्हणालात. वहीत मी ते जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

पुढे डोक्याचा प्रश्न आला आणि सगळं बिनसलं.

माझं म्हणणं साधं होतं. कुठलंही पुस्तक काढा, झाड खाली जाड आणि वर निमुळतं हवं. हे झाड उलटं होतं. गाठीच्या खाली, डाव्या अंगाला एक तजेलदार फुटवा होता. गाठ खालून साफ कापायची, तो फुटवा उभा बांधायचा, तोच नवा शेंडा. पाच वर्षांत इतकं देखणं झाड होईल की प्रदर्शनात लोक थांबतील. मी रंगीत पेन्सिलींनी चित्र काढून आणलं होतं. तुम्ही ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "चांगलं हाय. पन हे कुटलंबी झाड झालं." मग तुम्ही आतून पुठ्ठा आणलात. होडीच्या फासळ्यांना करतात तसा फर्मा कापला होता तुम्ही, तुमच्या मनातल्या झाडाच्या आकाराचा. त्यात ती गाठ तशीच होती, आणि तिच्यातून आखूड, जाड फांद्या चारी बाजूंना, बांधावर असतं तसं. "ही गाठ चार पिड्यांनी केली. कोयत्यानं. ती कापली तर ऱ्हायलं काय त्याच्यात?"

मी म्हटलं, ती गाठ सडली आहे. वरच्या बाजूला एक खड्डा होता, त्यात पावसाचं पाणी साचायचं. मी त्यात सुई घालून बघितली होती, इंचभर आत गेली होती. सड खाली उतरली तर बुंधा जाईल, झाड जाईल. हे शास्त्र होतं आणि मला त्यात तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं. तुम्ही वाकसाच्या दांड्यानं गाठीवर ठोकायचात, दुसरा तळवा बुंध्याला सपाट लावून. "आतून घट्ट हाय." मी म्हणायचे, आवाज पोकळ येतोय. तुम्ही म्हणालात, "गिरमिटानं भोक पाडून बगू?" मी नको म्हटलं. भोक पाडलं तर त्यातूनच सड शिरेल, असं कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं, काका. भोकातून पांढरा भुसा आला असता तर माझं चित्र गेलं असतं. सडीचा मुद्दा मी ढालीसारखा धरला होता. मला ती गाठ कुरूप वाटत होती, एवढंच. लोक बघतील तेव्हा हसतील, असं वाटत होतं.

त्या शेवटच्या रविवारी तुम्ही पुन्हा ठोकत होतात. मी पेटीच्या पलीकडे, तुमच्या डाव्या अंगाला उभी होते. आदल्या आठवड्यात कामावर दोन जणी रजेवर, सगळे नमुने माझ्या अंगावर, घरी सासूबाईंचं दुखणं. मी आधीच काठावर आले होते. तुम्ही पुन्हा म्हणालात, "घट्ट हाय गं बाय," आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "होड्या बंद पडल्या म्हणून त्याचा हट्ट झाडावर काढू नका, काका. तुम्हाला झाड नकोच आहे. तुम्हाला तुमचं जुनं काम हवंय, ते आता मिळणार नाही."

तुम्ही वाकस खाली ठेवला, हात पुसले आणि आत बघून म्हणालात, "हिरू, बायला च्या दे." मी चहा घेतला नाही. स्कूटर काढली आणि निघाले. 

त्यानंतर तीन रविवार मी आले नाही. मला वाटत होतं तुम्ही दुखावला आहात. मग वाटलं, दुखावले असतील तर फोन तरी करतील. मग तुम्ही फोन करत नाही याचा राग आला. असं आपल्या मनानंच एकेक पायरी चढत मी इतक्या उंचावर जाऊन बसले की खाली उतरायला माझ्या मानाला परवडेना. आणि मग बांगडे.

या रविवारी मी आरी घेऊन आले, काका. पालवीच्या आत निकाल लावायचा होता. मी स्वतःला समजावून आणलं होतं. तुम्ही गेलात म्हणून तुमचं ऐकायचं, हे मला मान्य नव्हतं. मेलेल्या माणसाचा हट्ट पुरवणं म्हणजे त्याच्याशी वाद घालायचं सोडून देणं, आणि मला तुमच्याशी वाद सोडायचा नव्हता. सड आहे, तर कापलीच पाहिजे. तुम्ही असतात तरी मी कापलीच असती.

काकूनं पेटीखाली पोतं घालायला मदत केली. मी तिला विचारलं, "कापू ना?" ती म्हणाली, "तुजं झाड हाय." हे ती सहज बोलली, पण मला टोचलं. मी गाठीच्या मागच्या बाजूनं आरी लावली. पहिल्या दहा-बारा हातांत वरची साल, मग त्याखालचं जुनं, वाळकं. मला बरं वाटलं, बघा, म्हटलंच होतं. मग आरी जरा जड चालायला लागली. मी वाकून बघितलं. भुसा पांढरट पिवळसर होता, ओलसर. बोटांत घेतला तर गोडसर वास. आतून एकही तपकिरी रेघ नाही. वर खड्ड्यात सुई इंचभर गेली होती ती इंचभरच जागा होती. त्याच्याखाली लाकूड असं घट्ट की आरी अडकत होती.

मी थांबले. काप इंचभर आत गेला होता.

काकू म्हणाली, "काय झालं? सडकं हाय?"

"नाही. घट्ट आहे."

"मग ते बरोबर सांगत होते."

"हो."

आरी ओढून काढताना मला बळ लावावं लागलं. गाठ तशीच राहणार आता, आणि फर्मासुद्धा तुमचाच. त्या गाठीवर मागच्या बाजूला माझा काप राहील, तो भरायला दोन-तीन वर्षं लागतील. तुमच्या पुठ्ठ्याप्रमाणे फांद्या आखूड करायच्या, खालचा तो फुटवा काढून टाकायचा, आणि पाचवी खूण समोर. मी काकूला हे सगळं समजावून सांगत होते. ती ऐकत नव्हती हे मला दिसत होतं, तरी मी बोलत होते. 

मी तिला सगळं सांगितलं, काका. त्या दिवशी मी काय बोलले ते. होड्यांचं. म्हटलं, काकू, मला त्यांची माफी मागायची होती. ते माझ्यावर रागावून गेले.

काकू मग म्हणाली, "मी आईकलं होतं ते. हितं चुलीपाशी होती मी. त्यांनी कुटं आईकलं?"

"म्हणजे?"

"अगं, त्यांचा डावा कान गेलेला. वीस वरसं झाली. हातोडीच्या ठोक्यांनी. तुला म्हाईत नव्हतं?" तिनं पोत्यावरचा भुसा हातानं एका बाजूला केला. "तू गेलीस तर मला इचारलं, बाय काय बोलली गं, च्या नको का म्हनाली. मी काय सांगू? मी म्हटलं, तिला घाई हाय, पुडच्या रविवारी येते म्हनाली."

  मग एकेक शब्द जपून काढावा तसं तिनं बाकीचं सांगितलं. "पुडच्या रविवारी सकाळी पेटी भाईर काडली त्यांनी. झाडलोट केली. तू आली नाय. मी म्हटलं फोन लावा, तर म्हनाले, तिला कामं असतात, येईल. त्याच्या पुडच्या रविवारी बी काडली. त्याच्या पुडच्या बी. जेवायला हाक मारली तर उटायचे नाय. म्हनायचे, बाय आली की बसू."

काका, मी घरीच होते. तिन्ही रविवार मी घरीच होते.